गिरगाव, काळबादेवी, भेंडीबाजार: जुन्या मुंबईच्या पुनर्विकासाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुनी मुंबई म्हणजे नक्की कुठला भाग धरायचा?

इथे आपण बोलतोय ते चर्चगेट-सीएसएमटीच्या वर लागून असलेल्या दाट वस्तीबद्दल. म्हणजे गिरगाव, ठाकूरद्वार, भुलेश्वर, काळबादेवी, पायधुणी, भेंडीबाजार, डोंगरी, ग्रँट रोड, कामाठीपुरा, आणि थोडाफार फोर्ट. चाळी, वाड्या, खाली दुकान वर बिऱ्हाड अशा तीन-चार मजली इमारती, त्यातल्या बऱ्याच शंभरी गाठलेल्या. वरळी-नायगावच्या बीडीडी चाळींचा मामला वेगळा आहे, त्यावर खाली एक प्रश्न घेतलाय. मी स्वतः गिरगावातला, बिल्डरच्या मीटिंगा, म्हाडाच्या (राज्य सरकारचं गृहनिर्माण प्राधिकरण) फेऱ्या, सोसायटीच्या कामांत मदत करतो, त्यामुळे उत्तरं रहिवाशाच्या बाजूनेच दिसतील आणि ते मुद्दामच आहे.

एवढ्या मोक्याच्या जागा, तरी इमारतींची ही अवस्था झालीच कशी?

सगळ्यात मोठं कारण भाडं. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर धरून ठेवली. तेव्हा युद्धानंतर घरांची भयंकर टंचाई होती, हजारो माणसं मुंबईत येत होती, तो कायदा नसता तर गरीब माणूस रस्त्यावर आला असता हे खरं आहे. पण तात्पुरता म्हणून आलेला कायदा पन्नास वर्षं वाढवत नेला आणि भाडं तिथेच राहिलं. मालकाला महिन्याला एका खोलीचे पन्नास-शंभर रुपये मिळत असतील तर तो गच्ची कुठून दुरुस्त करणार? त्याने हात काढून घेतला. भाडेकरूला वाटतं भिंत मालकाची, मी का खर्च करू. दोघांच्या मधे इमारत कुजत गेली. १९९९ चा नवीन कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला, त्यात वर्षाला ४ टक्के वाढ ठेवली, पण शंभर रुपयांचे चार टक्के किती होतात ते सांगायला नको.

त्यात पागडी. खोली घेताना मोठी रक्कम एकदम द्यायची, मग भाडं नाममात्र, आणि पुढे खोली दुसऱ्याला दिली तर रकमेतला साधारण तिसरा हिस्सा मालकाला. त्यामुळे भाडेकरूला वाटतं घर माझंच आहे आणि कागदावर ते मालकाचं. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, म्हणूनच हा गुंता कोर्टात पिढ्यानपिढ्या पडून राहतो.

दुसरं कारण बांधकामाचं. या इमारती विटांच्या भिंती आणि सागवानी तुळयांवर उभ्या आहेत, काहींना लोखंडी गर्डर. समुद्राची खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस, सामायिक मोरी-संडासातून वर्षानुवर्षं झिरपणारं पाणी, याने तुळईचं भिंतीतलं टोक आतून सडतं आणि बाहेरून काहीच दिसत नाही. वर लोकांनी पोटमाळे चढवले, जड लाद्या बसवल्या, तळमजल्यावर कुणी दुकान मोठं करायला आतली भिंत काढली. ही भिंत काढण्याची गोष्ट मला सगळ्यात जास्त घाबरवते, कारण या इमारतींत भिंत हाच खांब असतो.

उपकरप्राप्त इमारत म्हणजे काय? आमची आहे का कसं कळणार?

१९६९ मध्ये दुरुस्ती आणि पुनर्रचना मंडळाचा कायदा झाला. शहर भागातल्या जुन्या भाड्याच्या इमारतींकडून उपकर म्हणजे सेस घ्यायचा आणि त्या पैशातून सरकारी मंडळाने दुरुस्ती करायची अशी ती कल्पना. तेव्हा १९,६४२ इमारती यादीत होत्या, आता काही हजार कमी झाल्यात, काही पडल्या, काहींचा पुनर्विकास झाला. १ सप्टेंबर १९४० च्या आधीच्या त्या अ वर्ग, मग १९५० अखेरपर्यंतच्या ब, आणि ३० सप्टेंबर १९६९ पर्यंतच्या क. गिरगाव-काळबादेवीतल्या बहुतेक अ मधेच येतात. पुढे हे मंडळ म्हाडाच्या छत्राखाली आलं. तुमची इमारत यादीत आहे का ते मालमत्ता कराच्या बिलावर बघा, नाहीतर म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाच्या वॉर्ड ऑफिसात सेस नंबर विचारा.

दुरुस्ती करून भागत नाही का? पाडायलाच कशाला हवं?

काही इमारतींचं भागतं, आणि तिथे दुरुस्तीच करावी असं माझं ठाम मत आहे. चांगला स्ट्रक्चरल इंजिनीअर आणून ऑडिट करा, पाडायचं ठरवून आलेल्या माणसाकडून नको. पण मंडळाच्या दुरुस्तीचा अनुभव असा की टेकू लावले, बाहेरून प्लास्टर मारलं, रंग दिला आणि काम झालं. लाकडी टेकू दहा-पंधरा वर्षं जिन्याखाली तसेच उभे, त्याला खिळे मारून लोक पिशव्या अडकवतात, मुलं त्याला धरून गोल फिरतात, इतके ते अंगवळणी पडतात. टेकू ही दुरुस्ती नाही. टेकू लागलेल्या इमारतीत राहत असाल तर पुढचा निर्णय घ्यायला उशीर होतोय असंच समजा.

३३(७) आणि ३३(९) हे आकडे सारखे ऐकतो, फरक काय?

दोन्ही विकास नियंत्रण नियमावलीतली कलमं. ३३(७) म्हणजे एका उपकरप्राप्त इमारतीचा किंवा शेजारच्या दोन-चार इमारतींचा मिळून पुनर्विकास. चटई क्षेत्र (प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येतं तो आकडा) ३, किंवा रहिवाशांच्या पुनर्वसनाला लागतं तेवढं क्षेत्र आणि त्यावर प्रोत्साहन म्हणजे बिल्डरला विकायला मिळणारं जादा बांधकाम, यातलं जे जास्त ते. प्रोत्साहन एकाच प्लॉटला ५० टक्के, दोन ते पाच प्लॉट एकत्र आले तर ६०, सहा किंवा जास्त आले तर ७०. म्हणजे शेजाऱ्याशी पटवून घेतलं तर सगळ्यांचाच फायदा, पण गिरगावात शेजारच्या वाडीशी पटवून घेणं किती अवघड आहे हे इथे राहिलेल्याला माहीत आहे. ३३(९) म्हणजे क्लस्टर, अख्ख्या मोठ्या पट्ट्याचा एकत्र पुनर्विकास, शहर भागात कमीत कमी ४,००० चौरस मीटर जागा लागते, चटई क्षेत्र ४. रस्ते रुंद करता येतात, गल्ल्यांची मांडणी बदलता येते.

३३(७) च्या एकेकट्या टॉवरबद्दल मला खरंच काळजी वाटते. मोकळ्या जागेच्या अटी तिथे बऱ्याच सैल केल्यात, त्यामुळे वीस फुटांच्या गल्लीत वीस-पंचवीस मजले उभे राहतात, खाली पार्किंगचे सात-आठ मजले, आणि समोरच्या चाळीतला उजेड कायमचा गेला. गल्ली तेवढीच, गटार तेवढंच, पाण्याची लाइन तीच. प्रत्येक इमारतीचं आपापलं भलं झालं आणि मोहल्ल्याचं वाटोळं झालं, असं चित्र आत्ताच काही गल्ल्यांत दिसतं. शक्य असेल तिथे दोन-तीन प्लॉट तरी एकत्र आणा. मीटिंगा लांबतील, भांडणं होतील, तरी आणा.

आम्हाला किती जागा मिळेल?

राहत्या खोलीला आहे तेवढी कार्पेट म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, पण कमीत कमी ३०० चौरस फूट. म्हणजे तुमची खोली १६० असेल तरी ३००. त्यावर ३५ टक्के फंजिबल म्हणजे वरचं जादा क्षेत्र, जे पुनर्वसनाच्या भागाला प्रीमियम (जादा क्षेत्रासाठी भरायचे पैसे) न भरता मिळतं, म्हणजे ४०५ पर्यंत जाऊ शकतं. हे ३५ टक्के मीटिंगमधे आपणहून कुणी सांगत नाही, तुम्ही विचारा आणि लेखी घ्या. दुकानाला आहे तेवढीच जागा. आणि १३ जून १९९६ नंतर एका खोलीच्या दोन करून नवीन भाडेपावत्या फाडल्या असतील तर त्या जादा खोल्या धरल्या जात नाहीत, या तारखेवरून घराघरांत भावाभावांची भांडणं लागलेली बघितलीयत, त्यामुळे आधीच कागद काढून बसा.

एक करून बघाच. बिल्डरने प्लॅन दिला की चाळीच्या पटांगणात खडूने तो खऱ्या मापात काढा. टेप आणा, दहा बाय बारा म्हणजे किती ते जमिनीवर आखा, स्वयंपाकाचा ओटा आखा, दार कुठे उघडतं ते आखा. आमच्याकडे हे केलं तेव्हा कागदावर खूश असलेले सगळे गप्प झाले, आणि एका काकूंनी ओट्यापाशी उभं राहून विचारलं की फ्रिज ठेवला तर बाथरूमचं दार उघडणार कसं. आर्किटेक्टला तो प्लॅन बदलावा लागला. खडू आणि टेपला खर्च काहीच येत नाही.

बीडीडीवाल्यांना ५०० फूट मिळालं, मग आम्हाला का नाही?

बीडीडी चाळी १९२० च्या दशकात सरकारने बांधल्या, जमीन सरकारची, मोठमोठे सलग प्लॉट, विकासक म्हणून म्हाडा स्वतः. १६० फुटांच्या खोलीच्या बदल्यात ५०० फूट, आणि १४ ऑगस्ट २०२५ ला वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या. बघून डोळ्यांत पाणी आलं, खरं सांगतो. पण गिरगावात जमीन खासगी, प्लॉट दोनशे-चारशे चौरस मीटरचे, प्रत्येकाचा मालक वेगळा आणि त्यातही एका मालकाचे चौदा वारस. तोच हिशोब इथे बसत नाही. ५०० चा बोर्ड लावून कुणी सह्या गोळा करत असेल तर ते कुठल्या नियमात बसतं एवढंच विचारा.

भेंडीबाजारात जे झालं ते बाकीकडे होऊ शकतं का?

भेंडीबाजारचा प्रकल्प समजून घ्यायलाच हवा, कारण शहरातला हा एवढा मोठा पहिलाच क्लस्टर. दाऊदी बोहरा समाजाच्या सय्यदना मोहम्मद बुरहानुद्दीन यांच्या प्रेरणेने २००९ मध्ये सैफी बुरहानी अपलिफ्टमेंट ट्रस्ट उभा राहिला. साडेसोळा एकर, सुमारे अडीचशे इमारती, ३,२०० कुटुंबं, साडेबाराशे दुकानं. घर कमीत कमी ३५० फूट आणि मालकी हक्काने. काम नऊ उपविभागांत पाडलं, लोकांना आधी ट्रान्झिटमधे म्हणजे तात्पुरत्या घरांत हलवलं, आणि पहिल्या टप्प्यातले टॉवर उभे राहून माणसं राहायलाही गेली.

हे जमलं त्याचं कारण नियमावली नाही, विश्वास. समाजाचा धर्मगुरू सांगतोय म्हणून लोकांनी घर रिकामं केलं, नफा हा हेतू नव्हता, आणि पैसा मागे उभा होता. तरीही एकेका मालकाशी, एकेका भाडेकरूशी बोलण्यात वर्षं गेली. बोहरा नसलेले भाडेकरू, चोरबाजाराच्या बाजूचे छोटे दुकानदार यांना आपलं काय होणार ही धास्ती होती, ती चुकीची नव्हती.

आणि हुसैनी इमारत विसरून चालणार नाही. ३१ ऑगस्ट २०१७ ला सकाळी, मुंबई तुंबवणाऱ्या २९ ऑगस्टच्या पावसानंतर दोनच दिवसांनी, पाकमोडिया स्ट्रीटवरची ही इमारत कोसळली आणि ३३ माणसं गेली. ती याच प्रकल्पाच्या हद्दीत होती, धोकादायक म्हणून ठरलेली होती, बरीच बिऱ्हाडं आधीच हललेली होती, काही राहिली होती. प्रकल्प मंजूर असणं आणि माणूस सुरक्षित असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मंजुरीनंतरची मधली वर्षंच सगळ्यात धोक्याची, तेव्हा दुरुस्तीही कुणी करत नाही कारण पाडायचंच आहे ना.

मालक काहीच हालचाल करत नाही. काय करायचं?

इथे कायदा सारखा हलतोय त्यामुळे जरा सविस्तर. म्हाडा कायद्यात १९८६ मध्ये एक प्रकरण घातलं होतं, ७० टक्के रहिवाशांनी मागणी केली तर सरकार इमारत संपादित करून त्यांच्या सोसायटीला देऊ शकतं, मालकाला मासिक भाड्याच्या शंभरपट रक्कम. मालक याविरुद्ध कोर्टात गेले, १९९२ पासून तो वाद सुप्रीम कोर्टात होता, आणि ५ नोव्हेंबर २०२४ ला नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला की प्रत्येक खासगी मालमत्ता म्हणजे समाजाची साधनसंपत्ती असं सरसकट धरता येणार नाही. आपल्या गिरगाव-डोंगरीतल्या खोल्यांवरून अख्ख्या देशाला लागू होणारा निकाल आला.

दरम्यान कलम ७९-अ आलं, त्याला राष्ट्रपतींची मंजुरी २०२२ अखेरीस मिळाली. इमारत धोकादायक ठरली की आधी मालकाला सहा महिने, त्याने प्रस्ताव दिला नाही तर रहिवाशांच्या नियोजित सोसायटीला सहा महिने, तेही नाही जमलं तर म्हाडा स्वतः. कागदावर ही आपल्यासाठी मोठी संधी आहे. पण म्हाडाने शेकड्यांनी नोटिसा काढल्या आणि इमारत खरोखर धोकादायक आहे का याची नीट शहानिशा न करता काढल्या असं म्हणत मालक हायकोर्टात गेले, जुलै २०२५ मध्ये हायकोर्टाने त्या नोटिसांना स्थगिती देऊन चौकशीला समिती नेमली. म्हणून ७९-अ च्या भरवशावर काही सही करण्याआधी त्या दिवशीची परिस्थिती काय आहे ते वकिलाकडून बघून घ्या.

कायदा कुठेही जावो, एक काम तुमच्या हातात आहे. रहिवाशांची नियोजित सोसायटी आत्ताच तयार करा. ५१ टक्के संमती लागते, आधी ७० लागायची. माणसं बदलापूरला, विरारला, कुणाचा मुलगा ऑस्ट्रेलियात, त्यांचे पत्ते, फोन, वारसाचे कागद, भाडेपावत्या, वीजबिलं, सगळं एका फाइलमधे आणा. बिल्डर आला की मग ही धावपळ करणारी चाळ नेहमी पडतं घेते.

बिल्डरशी करार करताना काय बघायचं?

सगळ्यात आधी बिल्डरने आधी काय पूर्ण केलंय ते. ब्रोशर नको, पत्ता घ्या आणि रविवारी तिथे जा, लिफ्टमधे भेटलेल्या माणसाला विचारा भाडं वेळेवर मिळायचं का, ताबा कधी मिळाला, ओसी म्हणजे इमारत वापरायचा दाखला आला का. विक्रीचा भाग महारेरावर (बिल्डरांवर लक्ष ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) नोंदवावा लागतो, तिथे त्याचे बाकीचे प्रकल्प किती रखडलेत आणि किती केस आहेत ते बघता येतं.

करार प्रत्येक रहिवाशाच्या नावाने वेगळा आणि नोंदणीकृत हवा, पर्यायी जागेचा. सोसायटीशी एकच करार आणि तुमच्याकडे नुसतं पत्र, असं चालणार नाही. त्यात मजला, कार्पेट एरिया, फंजिबल, प्लॅनची प्रत. भाडं आगाऊ, निदान वर्षभराचं, आणि पुढच्या काळाचे चेक. बँक गॅरंटी. मुदत गेली तर दर महिन्याला दंड किती. कॉर्पस, म्हणजे पुढच्या देखभालीसाठी बिल्डरने द्यायचा एकरकमी निधी, किती आणि तो कुणाच्या खात्यात, सोसायटीच्या की बिल्डरच्या. पुनर्वसनाची इमारत आधी की विक्रीची, आणि बिल्डरने मधेच प्रकल्प दुसऱ्याला विकला तर आपली संमती लागेल का. शेवटचा मुद्दा लोक सोडून देतात आणि पाच वर्षांनी भलताच माणूस दारात उभा असतो.

खोली रिकामी करायची ती कमेन्समेंट सर्टिफिकेट (बांधकाम सुरू करायची परवानगी) बघूनच, नुसती आयओडी (त्याआधीची अटींसह मिळणारी मंजुरी) दाखवून लोकांना हलवतात ते मान्य करू नका. याला अपवाद एकच, इमारत खरोखर पडायला आली असेल तर. तेव्हा जिवापुढे कागद नाही, पण निघताना तुमच्या ताब्यातल्या जागेचं मोजमाप म्हाडा किंवा महापालिकेकडून लेखी करून घ्या, फोटो काढा, व्हिडिओ काढा.

भाडं मधेच बंद झालं तर?

होतं असं, आणि बऱ्याच जणांचं झालंय. म्हातारे आईवडील डोंबिवलीत भाड्याच्या घरात, वर्षाला घर बदलायचं, आणि मूळ जागेवर पत्रे लावलेला खड्डा. एकटं भांडू नका, सोसायटीने लेखी नोटीस द्यायची आणि म्हाडाकडे तक्रार करायची, कारण एनओसी म्हाडाने दिलेली असते आणि तिच्या अटीत भाडं येतं. रखडलेले प्रकल्प म्हाडाने ताब्यात घ्यायची तरतूद कलम ९१-अ मधे आहे. वेळ लागतो, पण अर्ज केल्याशिवाय तो वेळ सुरूही होत नाही.

ट्रान्झिट कॅम्पमधे गेलं की माणूस तिथेच अडकतो हे खरं का?

बऱ्याच अंशी खरं. इमारत पडली किंवा पाडली, प्लॉट एवढा लहान की त्यावर काही उभं राहत नाही, अशी कुटुंबं वर्षानुवर्षं संक्रमण शिबिरात आहेत, काहींची नातवंडं तिथेच जन्मली. अशांसाठी म्हाडाची मास्टर लिस्ट असते, दुसऱ्या पुनर्विकासातून म्हाडाला मिळालेल्या घरांत त्यांना जागा द्यायची. त्यात नाव आहे का ते तपासा, कागद पूर्ण ठेवा.

नवीन घर मिळालं तरी मेंटेनन्स परवडेल का?

माझ्या मते या सगळ्या पुनर्विकासाचा खरा प्रश्न हाच आहे आणि मीटिंगमधे तो सगळ्यात शेवटी, लोक उठून चालल्यावर निघतो. शंभर रुपये भाडं भरणारं कुटुंब बावीसाव्या मजल्यावर गेलं की लिफ्ट, पंप, जनरेटर, आग विझवायची यंत्रणा, वॉचमन, सगळ्याचा खर्च दर महिन्याला काही हजारात जातो. पेन्शन नसलेल्या, खाजगी पेढीवर आयुष्य काढलेल्या माणसाने ते कुठून आणायचे? दोन वर्षं थकबाकी राहते, मग फ्लॅट भाड्याने देऊन ते नालासोपाऱ्याला जातात, मग विकतात. बाहेरून बघणारा म्हणतो मराठी माणूस घर विकून गेला, पण त्याला तिथे राहणंच परवडेनासं झालं होतं.

५०० फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ पासून मुंबईत मालमत्ता कर माफ झाला त्याचा आधार आहे. बाकी कॉर्पसच. त्याच्या व्याजातून निदान दहा वर्षं महिन्याचा खर्च निघेल एवढा तो हवा, हे गणित करार होण्याआधी सोसायटीच्या सीएकडून करून घ्या. गच्चीवर सोलर लावून घ्या, म्हणजे जिना, पंप, लिफ्टचं बिल कमी येतं. काचेचं एलिव्हेशन, दिव्यांची रोषणाई असलं काही आपल्या इमारतीला नको, ते पुसायचा खर्चही आपल्यावरच येतो. आणि मजले शक्य तितके कमी. दहा मजली साधी इमारत मिळत असेल तर चाळीस मजल्यांच्या मागे लागू नका, हे मी प्रत्येक मीटिंगमधे सांगतो.

तळमजल्यावरच्या दुकानदारांचं काय?

कागदावर आहे तेवढी जागा. पण बाजाराला सलगपणा लागतो. मंगळदास मार्केट, झवेरी बाजार, भुलेश्वरच्या पूजासाहित्याच्या ओळी, या एकमेकांच्या गिऱ्हाइकावर जगतात. तीन वर्षं चेंबूरला गाळा घेऊन परत आलं तर गिऱ्हाईक परत येईलच असं नाही. म्हणून टप्प्याटप्प्याने काम, तात्पुरता गाळा त्याच गल्लीत, आणि नवीन इमारतीत दुकान रस्त्याच्या पातळीवर, रस्त्याकडे तोंड करून, ही मागणी धरा. पहिल्या मजल्यावरचं मॉलसारखं दुकान या भागात चालत नाही.

आणि शिलाई मशीनवाले, चाव्या बनवणारे, जिन्याखालचा इस्त्रीवाला, वडापावची गाडी, यांची नावं कुठल्याच यादीत नसतात. सोसायटीने ठरवलं तर जिन्याखालची जागा प्लॅनमधे ठेवता येते. ठेवा.

मेट्रो आल्याने काय बदललं?

मेट्रो ३, ३३.५ किलोमीटर, २७ स्टेशनं, ९ ऑक्टोबर २०२५ पासून कफ परेडपर्यंत पूर्ण धावतेय. गिरगाव आणि काळबादेवी या स्टेशनांमुळे बीकेसी, एअरपोर्ट एकदम जवळ आलं, चर्नी रोडवरून बस-टॅक्सी शोधायची कटकट गेली. स्टेशनासाठी ज्यांच्या इमारती गेल्या त्यांना त्याच भागात घरं द्यायचं ठरलं, आणि ते लोकांनी भांडून ठरवून घेतलं, आधी त्यांना लांब पाठवतील हीच भीती होती. मेट्रो मात्र आधी धावली, घरं मागून.

आता स्टेशनाभोवतीच्या जागांचे भाव वाढलेत आणि बिल्डर जास्त उत्साहाने येतायत. उत्साह चांगला, पण तुमच्या हातातलं पान वजनदार झालंय हे लक्षात ठेवूनच बोलणी करा.

हेरिटेजचं काय? सगळंच पाडणार का?

मुंबईत हेरिटेजचे नियम १९९५ पासून आहेत, देशात पहिल्यांदा. ओव्हल मैदानाच्या बाजूच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारती २०१८ मध्ये जागतिक वारसा यादीत गेल्या. पण वारसा म्हणजे फक्त दगडी कोर्ट-कचेऱ्या नाहीत. खोताच्या वाडीतले लाकडी बंगले, बाहेरून चढणारे जिने, व्हरांडे, एकेकाळी साठ-पासष्ट घरं होती ती निम्म्याहून कमी उरलीत, आणि ती टिकली ती तिथल्या रहिवाशांच्या हट्टामुळे. केशवजी नाईक चाळ, जिथे १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसतोय, तीही वारसाच आहे.

जुनं जपून कमाईही होते याचं उदाहरण जवळच आहे. चर्नी रोडचं रॉयल ऑपेरा हाउस १९९३ मध्ये बंद पडलं, भिंतीतून झाडं उगवली होती, नीट दुरुस्त करून २०१६ मध्ये उघडलं आणि आज तिथे गाणी-नाटकं होतात. काळा घोडाचं १९९९ पासूनचं फेस्टिव्हल बघा, त्यातून फूटपाथ सुधारले, गॅलऱ्या आल्या. गिरगावात पाडव्याची शोभायात्रा आहे, नाट्यगृह आहे, जुन्या खानावळी आहेत, मग दर शनिवारी दोन गल्ल्या गाड्यांना बंद करून बघायला काय हरकत आहे?

समुद्र एवढा जवळ आहे, नवीन इमारतींना पाण्याचा धोका नाही का?

आहे, आणि त्याचा विचार फार कमी होतो. ५ ऑगस्ट २०२० ला कुलाब्यात चोवीस तासांत ३३१.८ मिलिमीटर पाऊस झाला, वारा ताशी १०७ किलोमीटरपर्यंत गेला, कधी न तुंबणारे चर्चगेट-मरीन ड्राइव्ह-गिरगाव चौपाटी तुंबले. मोठ्या भरतीला पावसाचं पाणी समुद्रात जातच नाही, उलट गटारातून वर येतं. २६ मे २०२५ ला वरळीच्या आचार्य अत्रे चौक मेट्रो स्टेशनात पाणी शिरलं तेही सगळ्यांनी मोबाइलवर बघितलं.

म्हणून प्लॅन बघताना विचारा, इलेक्ट्रिक मीटर आणि पंप कुठे आहेत. बेसमेंटमधे असतील तर नको म्हणा, रस्त्यापेक्षा वर घ्या. चौपाटीजवळच्या इमारतींना सीआरझेड म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाचे नियम लागतात, २०१९ च्या अधिसूचनेने तिथलं चटई क्षेत्र मोकळं केलं, त्यामुळे वर्षानुवर्षं अडलेल्या इमारतींना वाट मिळाली. वाट मिळाली म्हणून किनाऱ्यालगत तीन-तीन मजले तळघर खणणं मला पटत नाही.

शेवटी गिरगावात गिरगावकर राहतील का?

शहर भागाची लोकसंख्या २००१ मध्ये ३३.३८ लाख होती, २०११ मध्ये ३०.८५ लाख. म्हणजे टॉवर वाढत असताना माणसं कमी झाली. मला वाटतं राहू शकतील, पण आपोआप नाही. जिथे रहिवाशांनी स्वतः आर्किटेक्ट नेमला, कॉर्पस वाजवून घेतला, पहिली पाच वर्षं फ्लॅट न विकण्याचं आपसात ठरवलं, तिथे बहुतेक सगळे परत आलेत आणि गणपतीत चाळीसारखीच गर्दी होते. लांबची गॅलरीही प्लॅनमधे मागता येते, ती फुकट गेलेली जागा आहे असं बिल्डर म्हणेल, म्हणू दे.

पावसाळ्यात इमारत धोक्यात आहे हे घरबसल्या कसं ओळखायचं?

तडा गेला म्हणजे लगेच पडते असं नाही, तडा वाढतोय का ते महत्त्वाचं. तड्यावर आडवी काचेची पट्टी दोन्ही टोकांना सिमेंटने चिकटवा आणि तारीख लिहा. काच तडकली तर भिंत हलतेय. दारं-खिडक्या अचानक घट्ट लागायला लागल्या, लादी एका बाजूला बसली, वरून माती किंवा लाकडाचा भुसा पडतोय, रात्री कडकड आवाज येतो, टेकू सैल झाला किंवा वाकला, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. सगळ्या मजल्यांची दारं वाजवा, गॅस आणि मेन स्विच बंद करा, म्हाताऱ्यांना आधी खाली आणा, एका वेळी सगळ्यांनी जिन्यावर गर्दी करू नका, आणि खाली आलात की भिंतीला लागून उभे न राहता गल्लीच्या तोंडाशी जा. महापालिकेचा आपत्कालीन नंबर १९१६, फायर ब्रिगेड १०१. कागदांची फाइल पिशवीत भरून दाराजवळ खुंटीला लावून ठेवा, आणि त्या पिशवीसाठी परत वर कुणीही जायचं नाही हे घरात आजच ठरवा.